बिनखोगिराची सकाळची बॅच

तबेल्यात दोन गोष्टी रोज साचतात. एक लीद आणि दुसरे किस्से. लीद सकाळी उन्हं चढायच्या आत उचलली जाते. किस्से मात्र तसेच पडून राहतात आणि बघता बघता एवढा ढीग होतो, की कुठून उपसायला घ्यावं तेच कळत नाही. मी दातांची डॉक्टर. माझ्यासमोर खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड उघडं असतं आणि त्याला बोलता येत नसतं, त्यामुळे मला श्रोत्यांची वानवा कधीच नव्हती. पण परवा एक पेशंट रूट कॅनॉल चालू असताना खदाखदा हसला आणि मी ठरवलं, की हे आता कुठेतरी लिहून टाकलेलंच बरं!

तर गंगापूर रोडने धरणाकडे जाताना एक द्राक्षबाग लागते. तिच्या मागे आमचं मैदान. मैदान म्हणजे लाकडी कुंपण घातलेला मातीचा लांबट तुकडा, एक पत्र्याची शेड, दोन घोडे आणि दफेदार. पवार दफेदार घोडदळातून रिटायर झाले, सिन्नरकडच्या आपल्या गावी जाऊन त्यांनी शेती करून पाहिली. "बैल सांगितलेलं ऐकतो, पण मनापासून नाय," असं म्हणत ते परत घोड्यांकडे आले. दोन घोड्यांपैकी बादशाह म्हातारा, तो बहुतेक वेळ उभ्या उभ्या झोपलेला असतो. दुसरी चिमणी. नावावर जाऊ नका. चिमणी ही चांगली गादीएवढी रुंद पांढरी घोडी आहे आणि आधी ती वरातीत नवरदेव वाहायची.

आम्ही सकाळची बॅच. सगळे चाळिशीच्या पुढचे. संध्याकाळच्या बॅचला शाळेतली मुलं असतात, ती पडली तरी चेंडूसारखी उसळून उभी राहतात. आमच्याबद्दल दफेदारांना तेवढा भरवसा नव्हता. मी खरं तर मुलीला सोडायला यायचे; तिला संध्याकाळी क्लास, म्हणून सकाळी. ती आठवडाभरात कंटाळली. मला लवकर उठायची सवय लागून गेली होती, आणि घरी परत जाऊन करणार काय, म्हणून मी घोड्यावर बसले.

*

निकमशेठ बिल्डर. ते पहिल्याच दिवशी गुडघ्यापर्यंतचे बूट, हेल्मेट, हातमोजे असा सगळा सरंजाम घेऊन आले. गाडीच्या डिकीत एक कोरं करकरीत चामड्याचं खोगीर होतं. दफेदारांनी त्यावर हात फिरवला, वास घेतला, शिलाई बघितली.

"लय भारी," ते म्हणाले.

"मग? बांधायचं ना?"

"बांधा की. कंपाउंडवर बांधा."

दफेदारांच्या बॅचला सुरुवातीचे काही महिने खोगीर मिळत नाही, पाय ठेवायला रिकीब मिळत नाही, बसायचं ते थेट घोडीच्या उघड्या पाठीवर, हे निकमशेठना कुणी सांगितलं नव्हतं. "खोगीर म्हंजे खुर्ची, शेठ," दफेदारांनी समजावलं. "खुर्चीत बसला की माणूस घोड्याशी बोलत नाय, नुसत्या ऑर्डरी सोडतो. आधी पाठीवर बसा. खालनं काय निरोप येतोय तो ऐका. मग द्या ऑर्डर."

खालून येणारा निरोप पहिल्या दिवशी एकच असतो. घोड्याची पाठ प्रत्येक पावलाला एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे हलते, आणि तुम्ही तिच्यावरून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे जाऊ लागता. धरायला आयाळ सोडून काही नाही. मग भीतीने पाय आवळले जातात. पाय आवळले, की घोडीला वाटतं, हा म्हणतोय चल. ती भराभर चालायला लागते. मग तुम्ही आणखी आवळता. अशी ही सगळी गंमत असते, आणि दफेदार मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडत असतात, "चिमट्यावानी धरू नका! दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या पँटीवानी पाय सोडा!"

इकडे निकमशेठ असे ओल्या पँटीसारखे लोंबकळत असताना तिकडे कुंपणावरच्या त्यांच्या खोगिरावर दफेदारांची कोंबडी येऊन बसायला लागली. रोजच. एक दिवस शेठचा संयम सुटला.

"अहो दफेदार, एवढं भारी खोगीर, आणि त्यावर कोंबडी!"

दफेदारांनी कोंबडीकडे बराच वेळ निरखून बघितलं. "तिची मांड बघा, शेठ. कशी पक्की बसलीय. तुमची तशी झाली, की तिला उठवतो!"

*

आता सानपकाका. त्यांच्याशिवाय या बॅचला अर्थ नाही.

काका एसटीचे रिटायर ड्रायव्हर. बायको जाऊन काही वर्षं झालेली, घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर, त्यात एकटेच राहतात. त्यांच्या कानाच्या आत काहीतरी बिघडलं आणि त्यांचा तोल गेला. म्हणजे अगदी रोजच जायला लागला. उभं राहिलं की गरगरायचं, वाकलं की जमीन वर यायची. घरात ते दोनदा पडले. मुलगा महेश बेंगळुरूला कंपनीत आहे, अजून लग्न केलेलं नाही. तो धावत आला आणि जाताना बजावून गेला, "बाबा, आणखी एकदा पडलात, की मी येणार आणि तुम्हाला घेऊन जाणार. एकट्याने राहायचं नाही. विषय संपला."

काकांना नाशिक सोडायचं नव्हतं. बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये ते एकदा महिनाभर राहून आले होते. "अठराव्या मजल्यावर हाय. खिडकीतनं खाली बघितलं की बसेस दिसतात, पण आवाज येत नाय," एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं होतं.

डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलेलं. पण धरल्याशिवाय चालता येईना. आमच्या भागात सलग धरून चालता येईल अशी सगळ्यात लांब वस्तू म्हणजे आमच्या मैदानाचं कुंपण! त्यामुळे काका रोज सकाळी कुंपण धरून बाहेरून चकरा मारायचे आणि आम्ही आतून. एक दिवस दफेदार त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही रोज आमच्यासंगं चालताय. आतनं या की."

"मला चक्कर येते."

"घोडीवर बसल्यावर सगळ्यांनाच येते. तुम्हाला सवय तरी हाय."

काकांना दफेदारांनी चिमणीवर बसवलं, स्वतः बाजूने चालले आणि एक फेरी झाली. काका खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. आम्हाला वाटलं घाबरले. ते म्हणाले, "वर असताना सगळंच हलतंय ना. त्यामुळं माझं हललेलं कळंचना."

तेव्हापासून काका आमच्यात आले. ज्याला पडायला बंदी आहे, तो माणूस पडू नये म्हणून खोगीर नसलेल्या घोडीवर बसायला लागला. महेशला अर्थातच काही सांगितलेलं नव्हतं.

*

काकांनी उभं आयुष्य एसटी चालवली. नाशिक-हरसूल, नाशिक-पेठ, सगळे घाट त्यांच्या हाडात. आता लगाम हातात आल्यावर ते तो स्टिअरिंगसारखा गोल फिरवायचे. ते एक वेळ चाललं असतं. वळताना ते उजवीकडे आरशात बघायचे, आरसा नसला तरी. तेही चाललं असतं.

घोटाळा उजव्या पायाचा होता. घोडी जरा जोरात निघाली, की काकांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. खोगीर नाही, रिकीब नाही, त्यामुळे ती टाच थेट चिमणीच्या पोटात! घोडीला वाटायचं, आणखी जोरात. ती दुडक्या चालीवर यायची. काका आणखी दाबायचे. एकदा चिमणी त्यांना घेऊन मैदानभर सुसाट निघाली, काका ताठ बसून सगळा जोर लावून ब्रेक दाबतायत, आणि मागून दफेदार पळतायत.

"पाय सोडा! काका, पाय सोडा!"

काका वरून ओरडले, "ब्रेकवरनं पाय काढू? पॅसेंजर मरतील!"

दफेदारांनी ही सवय मोडायला जंग जंग पछाडलं. काकांचा पाय काही ऐकेना. पण घोडा हा विचित्र प्राणी आहे. मधे खोगिराचं जाड चामडं नसलं, की बसणाऱ्याची कंबर कधी आखडली, श्वास कधी अडकला, सगळं त्याला पाठीवर कळतं. चिमणीने काही दिवस विचार केला असावा. मग एक दिवस काकांनी श्वास धरून उजवा पाय दाबला आणि चिमणी जागच्या जागी उभी राहिली! पुन्हा दाबला, पुन्हा उभी. काकांनी तिच्या मानेवर थाप मारली आणि तोंडाने घंटी वाजवली, टिंग टिंग. चिमणी चालू लागली.

दफेदारांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि जाहीर केलं, "माणूस सुधारंना, म्हणून घोडी सुधारली!"

*

निकमशेठचा फोन सतत खिशात असायचा. आवाज बंद, नुसता थरथरणारा. आमच्या लक्षात आलं, की चिमणी मधेच थांबते. कारण काही दिसत नाही, आपली थांबते. दफेदार म्हणाले, "फोन वाजला. शेठनी श्वास धरला. तिला वाटलं, थांब म्हणाले."

मग आम्हाला नादच लागला. शेठ फेरी मारत असताना आम्ही कुंपणापाशी उभं राहून घोडीवरून फोन ओळखायला शिकलो. चिमणी नुसती थांबली, की साइटवरचा सुपरवायझर. थांबून कान मागे टाकले, की घरून. थांबून दोन पावलं मागे सरकली, की गिऱ्हाईक. शेठच्या आईचा फोन आला, तर ती उलट मान खाली सोडून आरामात चालायची. शेठ बिचारे खरंच आईवेडे आहेत.

एक दिवस खिशात थरथर झाली आणि चिमणी खाडकन थांबली. मग ती पूर्ण वळली. शेठ "अगं, अगं" करत असताना सरळ शेडमध्ये गेली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. हा नंबर नवीन होता. शेवटी सानपकाकांनी विचारलं, "कोण हो शेठ?"

शेडमधून शेठचा क्षीण आवाज आला, "सासरेबुवा. त्यांच्या प्लॉटवर आपलीच बिल्डिंग चालू आहे ना!"

*

माझाही एक किस्सा सांगायलाच हवा, नाहीतर बाकीचे सांगतील आणि वाढवून सांगतील.

माझी खोड अशी, की मी लगाम ओढायची. दातांची डॉक्टर असून घोडीच्या तोंडाला एवढा त्रास देते, यावर दफेदारांचं बरंच ऐकवून झालं होतं. एका रविवारी त्यांनी माझ्या हातातून लगाम काढून घेतला आणि आयाळीत अडकवून टाकला. "डॉक्टर, आज हात मांडीवर. जिथं जायचंय तिथं नुसतं बघा. बघितलं की तुमची कंबर वळते, कंबर वळली की घोडी वळते. एवढं साधं हाय."

मी बघत राहिले. खरंच वळत होती! मला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं, की मी जरा ढिली पडले. रविवारची सकाळ. रस्त्यापलीकडे मिसळवाल्याने तर्रीला फोडणी दिली होती. मी उपाशीपोटी आले होते. मी तिकडे बघितलं असं मी आजही म्हणणार नाही. पण चिमणी वळली. फाटक नेमकं उघडं होतं. ती शांतपणे बाहेर पडली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली, एक ट्रॅक्टर जाऊ दिला, मग रस्ता ओलांडला आणि मिसळवाल्याच्या मांडवात शिरून बाकांच्या मधोमध थांबली. माझं डोकं मांडवाच्या कापडाला टेकलेलं. खाली चार कुटुंबं पाव हातात धरून वर बघतायत.

मिसळवाल्याने काउंटरवरून मान वर केली, घोडी बघितली, मला बघितलं. नाशिकमध्ये रविवारी सकाळी मिसळवाल्याला कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

"मॅडम, इथंच की पार्सल?"

एवढ्यात दफेदार धापा टाकत पोचले. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "डॉक्टर, पास! पहिल्यांदा घोडी तुमच्या मनासारखी चालली!"

*

आमच्यात पडला नाही असा कोणी नाही. आणि एक रिवाज आहे. जो पडेल, त्याने दुसऱ्या दिवशी घोडीला गूळ आणायचा. आपण पडलो की आपल्याला वाटतं आपणच घाबरलो. दफेदारांचं म्हणणं, घोडी त्याहून जास्त घाबरते, तिच्या पाठीवरचं माणूस अचानक नाहीसं होतं!

पण काका पडले तर? काका पडले की बेंगळुरू. त्यामुळे काका पहिल्यांदा घसरले तेव्हा आम्ही सगळे कुंपणापासून धावलो. ते आयाळ धरून सरकत सरकत खाली आले आणि कसेबसे दोन पायांवर उभे राहिले. आम्ही सगळ्यांनी दफेदारांकडे बघितलं.

"पाय खाली, डोकं वर," दफेदारांनी निकाल दिला. "ह्याला उतरणं म्हणतात."

काही दिवसांनी काका पुन्हा घसरले. या वेळी चांगले बुडावर आले. मऊ मातीत, पण बुडावर. पुन्हा सगळे दफेदारांकडे वळले. दफेदारांनी आकाशाकडे बघितलं, मिशीवर हात फिरवला.

"दमले होते. उतरून बसले."

दुसऱ्या दिवशी मी शेडमागे हात धुवायला गेले, तर काका चिमणीला गूळ चारत उभे. मला बघून ओशाळले. म्हणाले, "दफेदार काय बी म्हणूद्यात. हिला तर म्हाईत हाय ना!"

*

महेशचा रोज सकाळी व्हिडिओ कॉल यायचा. नेमका काका घोडीवर असताना. काका फोन डोक्याच्या वर धरायचे, म्हणजे त्यांचा चेहरा आणि मागे आभाळ एवढंच दिसायचं.

"बाबा, कुठे आहात?"

"चाललोय की. डॉक्टरनी सांगितलंय ना."

"तुम्ही एवढे हलताय का?"

"चाललं की हलणारच."

"आणि मागे झाडांचे शेंडे कसे दिसतात? तुम्ही एवढे उंच कुठे आहात?"

काकांनी क्षणभर विचार केला. "चढ हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मग आमच्याकडे वळून, जरा दुखावल्यासारखे, "मी पोराशी खोटं बोलत नाय हां. चालतंय कोण, ते त्यानं इचारलंच नाय!"

*

शबाना आमच्या बॅचमधली फिजिओथेरपिस्ट. घोड्यावर ती आमच्यातली सगळ्यात चांगली, कारण शरीराचं कुठलं हाड कुठे बसतं हे तिला माहीत आहे. तिच्या नजरेत दफेदारांची पाठ खुपायची. घोड्यावर दफेदार सरळसोट, पण खाली उतरले की एका अंगाला झुकून चालायचे. ती त्यांच्या मागे लागली.

"दफेदारसाहेब, क्लिनिकमध्ये या. आठ दिवस व्यायाम करा."

दफेदार म्हणाले, "घोड्याशिवाय काय व्यायाम?"

मग एक दिवस तीच तिचा मोठा निळा रबरी चेंडू घेऊन आली. जिमवाले वापरतात तो. "यावर फक्त बसायचं. पाय जमिनीला, पाठ सरळ. तुम्ही आम्हाला शिकवता तेच."

दफेदार हसले. तीस-पस्तीस वर्षं घोड्यावर काढलेला माणूस. मिशीला पीळ देऊन चेंडूवर बसले, आणि दुसऱ्या क्षणाला पाय वर, टोपी एकीकडे, चेंडू बादशाहच्या पोटाखाली! बादशाह कितीतरी दिवसांनी पूर्ण जागा झाला.

हसायची कुणाची टाप? दफेदार उठले, माती झटकली आणि चेंडूकडे रागाने बघून म्हणाले, "ह्याला कान कुठंयत? कान बघितल्याबिगर मला कसं कळणार, हा कुठं निघालाय ते!"

शबाना शांतपणे म्हणाली, "उद्या गूळ घेऊन या, दफेदारसाहेब."

*

आणि आता हा. गेल्या हिवाळ्यातला.

थंडी मजबूत होती. घोड्यांच्या नाकातून वाफ निघत होती. काका तोवर चांगले तयार झाले होते. म्हणजे दफेदार त्यांना हात पसरायला, डोळे मिटायला लावून दुडक्या चालीवर फिरवायचे. त्या दिवशी तेच चाललं होतं. काका हात पसरून, डोळे मिटून, चिमणीच्या उघड्या पाठीवर डुलत चाललेले, आणि फाटकातून एक माणूस चाकांची बॅग ओढत आत आला.

"बाबा!"

आम्ही सगळे गारठलो. महेश एअरपोर्टवरून थेट घरी गेला होता, कुलूप बघून शेजारी विचारलं, आणि शेजाऱ्याने बोट दाखवलं होतं.

काका दचकले नाहीत. त्यांनी डोळे उघडले, श्वास धरून उजवा पाय दाबला, चिमणी थांबली. मग ते पाय फिरवून खाली उतरले आणि उभे राहिले. महेशने तेवढं बघितलंच नाही. तो आमच्यावर तुटून पडला.

"यांना भोवळ येते! चालताना पडतात म्हणून मी तिकडे रात्र-रात्र जागा असतो, आणि तुम्ही यांना घोड्यावर? खोगीरसुद्धा नाही? शिकलेली माणसं ना तुम्ही? डॉक्टर कोण आहे इथे?"

मी हात वर केला. "दातांची," म्हणाले. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती माझ्या अजून लक्षात आहे. आणि खरं सांगायचं तर तो चुकत नव्हता. माझ्या वडिलांना कुणी असं बसवलं असतं, तर मीही हेच बोलले असते.

"ओरडू नको," काका म्हणाले. "घोडीला तरास होतो."

"बाबा, बॅग भरा. आजच निघायचं."

मग काका म्हणाले, "येतो. पण आधी तू बस हिच्यावर. एक फेरी मार. मग कुठं न्यायचं तिथं ने."

"म्हणजे येणार? नक्की?"

"शब्द देतो."

महेश हट्टाला पेटलेला. बॅग तिथेच सोडून तो ऑफिसच्या पँटीनिशी चढला. चढला म्हणजे निकमशेठनी आणि मी ढकलला. अंगापिंडाने तो काकांच्या दुप्पट. वर बसल्यावर त्याचा सगळा राग एकदम ओसरला आणि चेहरा पांढरा पडला. दोन्ही पाय त्याने चिमणीच्या बरगड्यांना घट्ट आवळले आणि ती निघाली.

"पाय सोड," काका म्हणाले. "समोर बघ. श्वास घे."

दफेदारांनी जायला हवं होतं बरोबर, पण ते जागचे हलले नाहीत. चिमणीच्या खांद्याशेजारून काकाच चालत होते. मैदानाच्या मधोमध, खुरांनी उखणलेल्या त्या खडबडीत मातीतून, कुंपणापासून लांब. वर मान करून, पोराशी बोलत. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. ते मला दिसलं, शबानाला दिसलं. शबानाने माझा दंड धरला. माझे डोळे भरून आले, ते लपवण्यात काही अर्थ नाही. एकट्या महेशला दिसत नव्हतं. तो घोडीच्या कानांवर नजर लावून बसला होता.

वळणावर चिमणी वळली आणि महेश वळला नाही. तो हळूहळू आतल्या अंगाला, काकांच्या बाजूला, कलायला लागला. "बाबा, बाबा!" म्हणत त्याने काकांचा खांदा धरला आणि सगळ्या वजनानिशी खाली आला. आम्ही ओरडत धावलो. काकांनी पाय फाकवले, एक पाऊल मागे गेले, स्वेटरची बाही उसवली. महेश धपकन मातीत बसला. चिमणी थांबून मागे बघायला लागली.

काका उभे होते.

आम्ही आपापल्या जागी थबकलो. काका खाली वाकले, पार खाली, पोराच्या केसांतली माती झटकली आणि उठायला हात दिला.

"पडलास," ते म्हणाले. "चल, ती बॅग घे आन् घरी चल. तुला आता तिकडं एकट्याला ठेवायचं नाय मला."